डोक्यात धरलेलं निसटतं, तेव्हा कॉफी आणि गोळी कितपत कामाची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय २९, लातूरच्या बाजार समितीत एका आडतीवर हिशेबाचं काम. सौद्यात भाव कानावर पडतो, हमाल कट्टे किती ते सांगतो, आणि पेन वहीवर टेकेपर्यंत दोनपैकी एक आकडा निसटलेला असतो. शाळेपासून हे असंच आहे. आईने दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर दोनच घरी यायच्या. चहा दिवसातून दहा-बारा वेळा, दुपारी एक कडक कॉफी, आवक जास्त असली की संध्याकाळी एनर्जी ड्रिंक. कॉफीनंतर दोनेक तास डोकं चालतं, मग आधीपेक्षा जास्त गोंधळ. आता नीट परीक्षेची तयारी करणारा एक मित्र 'फोकसची गोळी' द्यायला तयार आहे. ती घ्यावी, की कॉफीच वाढवावी?

मी मराठवाड्यातच मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतो. लातूरच्या खोल्यांत राहून अभ्यास करणारी मुलं विचारतात, बँकेतले कॅशियर विचारतात, दोन लहान मुलं सांभाळून अंगणवाडीची रजिस्टरं भरणाऱ्या बाया विचारतात. तुम्हाला तपासल्याशिवाय तुमचं निदान मी सांगू शकत नाही. पण विचार कसा करायचा ते सांगते. कॉफी वाढवू नका. कमी करा आणि तिची वेळ बांधा. मित्राची गोळी घेऊ नका. शाळेपासूनच्या त्रासाची मात्र तपासणी करून घ्याच, कारण कदाचित त्याच जातीचं औषध तुमच्या नावाने आणि तुमच्या मात्रेत देणं योग्य ठरेल.

तुम्ही या सगळ्याला विसरभोळेपणा म्हणता. पण मागच्या हंगामात तुरीला काय भाव फुटला, कोणाची किती उचल बाकी आहे, हे तोंडपाठ असल्याचं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे साठवण उत्तम आहे. अडचण आहे ती एखादी गोष्ट काही सेकंद डोक्यात धरून तिच्यावर लगेच काम करण्याची. मानसशास्त्रात याला कार्यरत स्मृती, म्हणजे वर्किंग मेमरी म्हणतात. माणूस एका वेळी सातच्या आसपास गोष्टी धरू शकतो, असं १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी मांडलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी दाखवलं की मनात घोकायला वाव दिला नाही, तर हा आकडा चारच्या आसपास येतो. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, भाव आणि ओलावा. झाले चार. तुमच्या जागी कोणालाही बसवलं तरी पाचवी गोष्ट कोणीतरी विचारली की काहीतरी सांडणारच.

ही स्मृती म्हणजे एक ओंजळ आहे असं समजा. तिचं माप माणसागणिक कमी-जास्त असतं आणि हात थरथरले की आहे तेही गळतं. चहा, कॉफी किंवा कुठलंही उत्तेजक ती ओंजळ मोठी करत नाही. थोड्या मात्रेत हात स्थिर करतं आणि जास्त झालं की तेच हात थरथरवतं. पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे.

धरून ठेवण्याचं हे काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये चालतं. डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही दोन रसायनं तिथे मध्यम प्रमाणात असली की काम नीट होतं. कमी पडली तर लक्ष भरकटतं, फार वाढली तरीही भरकटतं. आलेख काढला तर उलटं ठेवलेलं इंग्रजी यू अक्षर दिसतं. ताण आणि शिकण्याची गती यांच्यातलं असंच नातं रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगांत नोंदवलं होतं. सौद्याच्या वेळी आरडाओरडा असतो, शेठजींचा धाक असतो, समोर शेतकरी उभा असतो. म्हणजे नॉरॲड्रेनलिन आधीच वर गेलेलं असतं. त्यावर चौथा-पाचवा कप पडला की तुम्ही आलेखाच्या उतरत्या बाजूला जाता. बाहेरून तरतरीत वाटतं, हात भराभर चालतात, आणि खाडाखोड वाढते.

कॅफिन काम करतं ते थोडं वेगळ्या वाटेने. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं आणि झोप येतेय असं कळवत राहतं. कॅफिन त्याच्या जागांवर जाऊन बसतं. थकवा असतो तिथेच असतो, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. रोज भरपूर कॅफिन घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते, म्हणून सकाळचा पहिला चहा बऱ्याचदा रात्रभरात चहा न मिळाल्याने आलेली सुस्ती तेवढी उतरवतो. कॅफिनवरच्या अभ्यासांत सावधपणा आणि प्रतिसादाचा वेग सुधारलेला बऱ्यापैकी सातत्याने दिसतो. कार्यरत स्मृतीवरचा परिणाम लहान आहे, आणि एका अभ्यासात दिसतो तर दुसऱ्यात दिसत नाही. झोप अपुरी असलेल्या माणसात मात्र तो ठळक होतो.

म्हणून 'कॉफी घेतली की माझं डोकं चालतं' असं कोणी सांगितलं की माझा पुढचा प्रश्न झोपेचा असतो. तुम्ही लिहिलंय, रात्री एकला झोप आणि सहाला जाग. शिवाय शेतीची लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात मोटर चालू करायला गावाकडे जाणं आहेच. पाच तासांची तुटक झोप घेणाऱ्या कोणाचीही ही स्मृती दिवसा कच्ची पडते. त्यात संध्याकाळी सहाचं एनर्जी ड्रिंक. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. कोणाला दोन पुरतात, कोणाला दहा लागतात. म्हणजे रात्री अकराला त्या बाटलीतलं निम्मं कॅफिन अजून फिरत असतं, आणि दिवसभराच्या चहाचं उरलेलं वेगळं. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलं तरी झोप एक तासाहून जास्त कमी होते, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. तुम्ही आजची झोप उद्याच्या कॉफीने भरून काढता आणि ती कॉफी उद्याची झोप खाते.

तुमचा हिशेब मांडूनच बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीच्या कपात ५० ते ६५ आणि १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन धरलंय, आणि दिवसाची मर्यादा ३०० सांगितली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० पर्यंत चालेल असं म्हटलं. आपली कटिंग अर्ध्या कपाची, म्हणून १५ ते ३० धरू. बारा कटिंगचे १८० ते ३६०. कॉफीचे ६०. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडच्या नियमाने लिटरमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ पर्यंत. बेरीज ३१५ ते ४९५. तुम्ही मर्यादेच्या वरच आहात, आणि तरीही डोकं साथ देत नाही. आणखी कॉफीने ते देईल असं मानायला मला आधार दिसत नाही. प्रत्येक कटिंगमागे एक चमचा साखर धरली तरी बारा चमचे, सुमारे ६० ग्रॅम होतात, तेही लक्षात असू द्या.

चहाची आणखी एक बाजू आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा भाजी-भाकरीतलं लोह शरीरात पुरेसं शोषू देत नाही. २०२४ च्या त्याच सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. लोह कमी असलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, आणि माणूस पुन्हा चहाकडे वळतो. बायकांमध्ये हे मी सतत पाहते. पुरुषांत कमी, पण तुम्ही दुपारचं जेवण चहा-बिस्किटावर काढता असं लिहिलंय, म्हणून सांगितलं.

तंबाखूचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. निकोटिनही उत्तेजकच आहे. मळलेल्या तंबाखूने लक्ष लागल्यासारखं वाटतं, त्यातला बराच भाग मधल्या काळातली तलफ शमल्याचा असतो. विडी-सिगारेटच्या धुराने शरीरातून कॅफिन लवकर बाहेर पडतं. सिगारेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला तर रक्तातलं कॅफिन वाढतं आणि धडधड, अस्वस्थता, झोप न येणं सुरू होतं. लोकांना वाटतं सिगारेट सोडल्याचा त्रास आहे. चहा अर्ध्यावर आणला की बराच फरक पडतो.

आता काम. यावर मी औषधांपेक्षा जास्त वेळ घालवते, कारण ओंजळीचं माप कमी असेल तर तिच्यात कमी ठेवणं हा खात्रीचा उपाय आहे आणि तो आजपासून करता येतो.

ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये या स्मृतीचा जो आराखडा मांडला, त्यात ऐकलेलं धरून ठेवणारी एक बाजू आहे आणि पाहिलेलं धरून ठेवणारी वेगळी. ऐकलेला आकडा आपण मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून जिवंत ठेवतो. आजूबाजूला कोणी बोलत असलं की हे म्हणणं मोडतं, मग ते बोलणं आपल्या कामाचं नसलं तरी. सौद्याच्या ओट्यावर तर दहा माणसं एकदम बोलत असतात, तेही आकडेच. तेव्हा कानावरचा भार डोळ्यांवर टाका. वहीत आदल्या दिवशीच नाव, कट्टे, वजन, भाव, ओलावा असे रकाने आखून ठेवा, रोज त्याच क्रमाने. आकडा कानावर पडला की आधी मोठ्याने परत म्हणा, 'बावीस कट्टे, बरोबर?', आणि म्हणता म्हणताच लिहा. चार गोष्टी ऐकून मग लिहायला बसायचं नाही. एक ऐकली की एक लिहायची. हमालाला सांगून ठेवा की तुम्ही मान वर केल्याशिवाय पुढचा आकडा सांगू नये. सुरुवातीला चिडेल, पण चार दिवसांत त्याला सवय होते, कारण दुरुस्तीचे हेलपाटे त्याचेही वाचतात. लिहिताना फोन वाजला तर उचलायच्या आधी रकाना पुरा करा.

स्मृती वाढवणाऱ्या मोबाइल गेमबद्दल बरेच जण विचारतात. त्या खेळात माणूस तरबेज होतो, रोजच्या कामात फारसा फरक पडत नाही. पैसे घालवू नका.

आणि एक गोष्ट आधी मोजायला लागा: दिवसाकाठी वहीत किती दुरुस्त्या झाल्या. कपाटाच्या दाराला कागद लावून संध्याकाळी आकडा मांडायचा, सोबत त्या दिवशीचे चहा-कॉफीचे कप आणि आदल्या रात्रीची झोप. उत्तेजक घेतलेल्या माणसाला आपलं काम उत्तम चाललंय असं वाटतं. वाटण्यावर विसंबता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांनी असा कागद आणला की कॉफीने खरंच फायदा होतो का, यावर वाद उरत नाही.

मित्राच्या गोळीकडे वळते. तुम्ही नाव लिहिलेलं नाही. आपल्याकडे 'फोकसची गोळी' म्हणून फिरणारी गोळी बहुतेक वेळा मिथाइलफेनिडेट किंवा मोडाफिनिल असते.

मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझॉन यांनी तयार केलं, आणि १९५४ पासून ते रिटालिन नावाने विकलं जाऊ लागलं. सुटलेलं डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन पुन्हा शोषून घेतलं जातं, ते हे औषध अडवतं. त्यामुळे दोन्ही जरा जास्त वेळ कामावर राहतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकण्यात जन्मजात अडचण आणि चंचलता, असलेल्यांत ही रसायनं मुळात मध्यम पातळीच्या खाली कमी पडतात असं मानलं जातं. त्यांना योग्य मात्रा आलेखाच्या मधल्या उंच भागाकडे आणते. ज्याची पातळी आधीच ठीक आहे त्याला तीच मात्रा पलीकडे ढकलते. २०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात ४० निरोगी प्रौढांना मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल आणि डेक्स्ट्रोॲम्फेटामिन हे आणखी एक उत्तेजक, अशी औषधं आळीपाळीने देऊन अवघड कोडी सोडवायला लावली. गोळी घेतल्यावर त्यांनी कष्ट जास्त केले, वेळ जास्त घेतला, आणि कामाचा दर्जा घसरला. एरवी सरासरीपेक्षा सरस असलेले गोळीवर बऱ्याचदा सरासरीखाली आले. रात्री तीनपर्यंत गोळीवर पुस्तक पुढ्यात धरून बसलेली मुलं मी पाहते, त्यांचं हेच होतं. तास भरतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर येत नाही.

आपल्या देशात मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये आहे आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीही येतं. डॉक्टरला चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. म्हणजे मित्राची गोळी एक तर दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरची आहे, किंवा चिठ्ठीविना आलेली आहे. दोन्ही प्रकारांत तुम्ही आणि तो अडचणीत येऊ शकता. त्याहून मोठी गोष्ट प्रकृतीची. या औषधाने नाडी आणि रक्तदाब वाढतो, भूक मरते, झोप उडते. हृदयाचा जन्मजात दोष असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, पूर्वी उन्मादाचा किंवा भास-संशयाचा आजार होऊन गेला असेल, तर ते धोक्याचं ठरतं. तुमच्या मित्राला यातलं काहीच माहीत नाही, आणि त्याने विचारावं अशी अपेक्षाही नाही. वर तुम्ही ३००-५०० मिलिग्रॅम कॅफिनवर आहात आणि लातूरच्या उन्हाळ्यात अर्धपोटी काम करता. दोन उत्तेजकांची नाडीवर बेरीज होते.

मोडाफिनिल मुळात दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारांसाठी आहे. जागं ठेवतं, पण झोपेची जागा घेत नाही. क्वचित त्याने अंगावर गंभीर पुरळ उठतं, तसं झालं तर तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा लागतो. हे वाचणाऱ्या स्त्रियांसाठी आणखी एक: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि गरोदरपणात कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आतच ठेवावं.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य शाळेचं आहे. प्रौढपणी एडीएचडीचं निदान करताना लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, आणि घर, शाळा, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी होती का, हे आम्ही पाहतो. तुमची लक्षणं त्या दिशेने बोट दाखवतात. पण तेवढ्यावर शिक्का मारता येणार नाही. आधी काही गोष्टी वगळायच्या असतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासायचे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं मुळीच दुर्मीळ नाही. झोपेत घोरता का, मध्येच श्वास अडतो का, हे घरच्यांना विचारायचं. उदासी किंवा सततची चिंता आहे का ते बघायचं. कर्जाच्या काळजीत असलेल्या माणसाच्या डोक्यात आकडे टिकत नाहीत, हे आपल्या भागात मला वेगळं सांगायला नको. सर्दीची किंवा ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी रोज चालू आहे का, तेही पाहायचं.

आणखी दोन शक्यता तुमच्या बाबतीत मी मुद्दाम पाहीन. तुमचं निसटणं फक्त आकड्यांचं आहे की निरोप, नावं, रस्ते यांचंही? फक्त आकड्यांचं असेल तर गणिताशी संबंधित शिकण्याची अडचण, डिस्कॅल्क्युलिया, असू शकते, आणि तिच्यावर कुठल्याच उत्तेजकाचा उपयोग नाही. दुसरी शक्यता कानाची. गोंगाटात वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला आकडा नीट ऐकूच आलेला नसतो आणि तो स्वतःला विसरभोळा समजत राहतो. कानाची तपासणी साधी आहे, करून घ्या.

या सगळ्यातून एडीएचडी निघालाच, तर औषधाला घाबरू नका. नाडी, रक्तदाब, गरज वाटली तर ईसीजी पाहून अगदी लहान मात्रेने सुरुवात करायची आणि हळूहळू वाढवायची. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू पडते आणि तीन-चार तास टिकते, म्हणून सौद्याच्या वेळेशी जुळवून देता येते. दीर्घकाळ चालणारी गोळीही आहे. उत्तेजक चालणार नसेल तर ॲटोमोक्सेटिन आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. परदेशातल्या व्हिडिओंत दिसणारं ॲडेरॉल आपल्याकडे विकलं जात नाही, ते मागवायच्या भानगडीत पडू नका. मी औषध सुरू करण्याआधी चहा-कॉफी कमी करायला लावते, नाहीतर धडधड गोळीची की कॉफीची ते कळत नाही आणि चांगलं औषध विनाकारण बदनाम होतं. योग्य मात्रा मिळाल्यावर माणूस सांगतो, 'विशेष काही वाटत नाही, पण काम एका बैठकीत संपतंय.' भारल्यासारखं, जोरात, मस्त वाटत असेल तर मात्रा बहुधा जास्त आहे. आणि वहीचे रकाने औषधानंतरही सोडायचे नाहीत, कारण धरण्याची क्षमता औषधाने फारशी सुधारत नाही. लक्ष टिकण्यात फरक जास्त दिसतो.

तोपर्यंत चहा-कॉफीचं काय? पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. टपरीवरचा चहा हा तुमच्या दिवसातला माणसांना भेटण्याचा वेळ आहे, तो मोडून चालत नाही. पण एकदम तोडलं तर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिल्या दोन दिवसांत त्रास जास्त असतो, कधी कधी आठवडाभरही राहतो, आणि लोक लगेच ठरवतात की चहाशिवाय आपलं चालतच नाही. म्हणून दर तीन-चार दिवसांनी एक कटिंग कमी करा. पहिल्यांदा संध्याकाळचं एनर्जी ड्रिंक, मग दुपारी दोननंतरचे चहा. टपरीवर जायचं असेल तर जा, चहाऐवजी लिंबूपाणी किंवा ताक घ्या. हे दिवाळीच्या आसपास, सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हा सुरू करू नका. बाजार मंद असतो तेव्हा करा. शेवटी सकाळचे दोन-तीन चहा आणि एक कॉफी एवढ्यावर या. ती कॉफी सौद्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, पोटात भाकरी असताना घ्या. रक्तातलं कॅफिन साधारण तेवढ्या वेळातच शिखरावर जातं. सवय उतरलेली असली की ती एकच कॉफी आजच्या चहा-कॉफीच्या पाच कपांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

ज्या रात्री मोटर चालू करायला जावं लागतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वीस मिनिटं आडवं व्हा. गादीवर जागा मिळत नसेल तर पोत्यांच्या थप्पीला टेकून. शेठजी नाही म्हणत असतील तर त्यांना कपाटावरचा दुरुस्त्यांचा कागद दाखवा. चुकलेल्या हिशेबपट्टीचं भांडण निस्तरायला त्यांचे वीस मिनिटांहून जास्त जातात.

तपासणीसाठी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग तुम्हाला जवळचा. इतर वाचकांसाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण आणि छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथेही हे विभाग आहेत. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गावात कोणी 'वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला' म्हणेल ही धास्ती मला माहीत आहे. आमच्या बाहेरच्या बाकावर बसलेले बहुतेक लोक झोप, चिंता, डोकेदुखी, व्यसन आणि अभ्यास यांसाठी आलेले असतात.

जाताना आईला सोबत न्या. तुमच्या सातव्या-आठव्या वर्षाचं तुम्हाला आठवणार नाही ते त्यांना आठवतं. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर आणा. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा आम्हाला बरंच काही सांगून जातो. दुरुस्त्यांचा कागद आणा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणा. आणि त्या दिवशी सकाळचा चहा चुकवू नका, नेहमीसारखाच घ्या. फक्त किती वाजता, किती घेतला, ते नाडी बघणाऱ्या डॉक्टरांना सांगा.